दुसऱ्याचा कारखाना आपला करताना

प्रस्तावना

शहादा, नंदुरबार आणि नवापूर या पट्ट्यातल्या ऊस उत्पादकाला तीन कारखान्यांची नावे तोंडपाठ असतात. पहिला पुरुषोत्तमनगरचा सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना, पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला. दुसरा नवापूर तालुक्यातल्या डोकारे येथील आदिवासी सहकारी साखर कारखाना. तिसरा नंदुरबार तालुक्यातल्या समशेरपूरचा. पहिले दोन सहकारी म्हणून ओळखले जातात. तिसऱ्याची ओळख मात्र बदलत गेली. पुष्पदंतेश्वर या नावाने तो सहकारात जन्मला, कर्जाच्या ओझ्याखाली विक्रीस निघाला, खाजगी मालकीत ॲस्टोरिया झाला आणि पुढे आयान. शिवार तेच राहिले, ऊस घालणारी गावेही बहुतेक तीच राहिली, मालक बदलले.

हे एकट्या समशेरपूरचे नाही. फैजपूरचा मधुकर सहकारी साखर कारखाना जिल्हा बँकेच्या कर्जापायी खाजगी कंपनीकडे गेला. चाळीसगावचा बेलगंगा स्थानिक मंडळींनी पुढे होऊन विकत घेतला. उर्वरित महाराष्ट्रात तर राज्य सहकारी बँकेने आणि जिल्हा बँकांनी 2002 च्या सरफेसी कायद्याचा आधार घेऊन कितीतरी कारखाने विकले आणि कित्येक भाडेतत्त्वावर चालवायला दिले. राज्यात दोन कारखान्यांमध्ये 25 किलोमीटरचे हवाई अंतर राखण्याचा नियम असल्यामुळे नवा कारखाना काढण्यापेक्षा जुना घेण्याकडे भांडवलाचा ओढा राहतो. साहजिकच घेणाऱ्यांत अनेकजण असे असतात की ज्यांनी आधी एखादा कारखाना घेतलेला किंवा चालवलेला असतो. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते: आम्हाला याचा अनुभव आहे.

या पुस्तकाचा विषय त्या वाक्यात आहे. आधीच्या खरेदीतून शिकलेले पुढच्या खरेदीत खरोखर उपयोगी पडते का? पडते तर केव्हा, उलटते तर केव्हा, आणि शिकलेले टिकवायचे कसे? उत्तर चुकले तर त्याची किंमत केवळ घेणारी कंपनी मोजत नाही. ऊस घालून बिलाची वाट पाहणारा शेतकरी, पगार थकलेला कामगार, बँकेत ठेव ठेवलेला निवृत्त शिक्षक, सगळेच ती मोजतात. म्हणून हा विषय मुंबई-पुण्याच्या संचालक मंडळांपुरता ठेवणे मला मान्य नाही. तो शहाद्यातही तितक्याच गांभीर्याने वाचला जावा, अशा अपेक्षेने ही प्रस्तावना लिहितो आहे.

सुरुवात शिकण्यापासूनच करू. कारखान्यात माणसे करून करून शिकतात, हे सिद्ध झालेले सत्य आहे. अमेरिकन अभियंता टी. पी. राइट यांनी 1936 मध्ये विमानांच्या उत्पादनाचा हिशेब मांडून दाखवले की एकूण उत्पादन दुप्पट झाले की प्रत्येक विमानामागचे मजुरीचे तास सुमारे एक पंचमांशाने घटतात. आपल्याकडचा जुना बॉयलर अटेंडंट किंवा पॅनमन हेच सांगेल. हंगामात तो तीच क्रिया शेकडो वेळा करतो, चूक झाली तर त्याच पाळीत कळते, आणि कशामुळे झाली तेही बहुधा कळते. ही तीन अंगे जुळली की अनुभव आपोआप शहाणपण देतो.

कंपनी विकत घेण्याच्या कामात ही तिन्ही अंगे गैरहजर असतात. असे व्यवहार क्वचित होतात. मोठ्या उद्योगसमूहाच्या वाट्याला सुद्धा ते दरवर्षी येत नाहीत. प्रत्येक व्यवहार वेगळा असतो: एकात यंत्रे जुनी पण माणसे चांगली, दुसऱ्यात यंत्रे नवी पण देणी डोक्यावर. निकाल फार उशिरा लागतो. आणि निकाल लागला तरी तो कशामुळे लागला हे सांगणे कठीण असते. समजा, एखाद्याने कारखाना घेतला आणि लागोपाठ दोन वर्षे पाऊस चांगला झाला, साखरेचा भाव चढला, इथेनॉलला उठाव आला. ताळेबंद उजळतो. घेणारा म्हणतो, आमचे व्यवस्थापन उत्तम. त्यात व्यवस्थापनाचा वाटा किती आणि पावसाचा किती, हे त्या ताळेबंदात कुठेही लिहिलेले नसते. बार्बरा लेव्हिट आणि जेम्स मार्च या अभ्यासकांनी 1988 मध्ये संस्थांच्या शिकण्यावर जो निबंध लिहिला, त्यात या प्रकाराला अंधश्रद्धेचे शिकणे म्हटले आहे. कृती आणि फळ यांचा संबंध नसताना तो आहे असे मनाशी पक्के बसते, आणि यश मोठे असेल तितके ते अधिक घट्ट बसते.

या प्रश्नावर गेल्या तीसेक वर्षांत जे संशोधन झाले त्यातले तीन अभ्यास वाचकाने सोबत ठेवावेत.

पहिला हालेब्लियन आणि फिंकेलस्टाइन यांचा, 1999 चा. अनुभव वाढत गेला की निकाल सरळ सुधारत जातो, असे त्यांना आढळले नाही. आलेख आधी खाली गेला आणि पुष्कळ अनुभवानंतर वर आला. त्यांचे स्पष्टीकरण मानसशास्त्रातले आहे. एखादा व्यवहार करून झालेला माणूस दुसऱ्या व्यवहाराकडे पाहतो तेव्हा त्याला साम्ये चटकन दिसतात, फरक दिसत नाहीत. तो पहिल्याचे धडे दुसऱ्यावर लादतो. पुरेसे व्यवहार पार पडल्यावरच कुठला धडा कुठे लागू होतो याचा विवेक येतो. थोडा अनुभव असलेला खरेदीदार या हिशेबाने कधी कधी कोऱ्या खरेदीदारापेक्षा अधिक धोक्यात असतो. तापीकाठच्या काळ्या जमिनीत केळी साधलेला शेतकरी त्याच मापाने पाणी आणि खत घेऊन मुरमाड रानात उतरला तर काय होईल, हे इथल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

दुसरा अभ्यास मॅथ्यू हेवर्ड यांचा, 2002 चा. त्यांनी विचारले, कोणत्या प्रकारच्या अनुभवातून कंपन्या खरोखर शिकतात? उत्तरात तीन गोष्टी आल्या. आधीचे व्यवहार एकमेकांसारखेच असतील तर नजर अरुंद राहते, अगदीच निराळे असतील तर काही जमत नाही. मध्यम वैविध्य उपकारक. दोन व्यवहारांमधले अंतर फार कमी असेल तर विचार करायला उसंत मिळत नाही, फार जास्त असेल तर शिकलेले विसरले जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे, छोट्या नुकसानीतून कंपन्या जितक्या शिकतात तितक्या यशातून शिकत नाहीत. यशाने तपासणी थांबते. मोठ्या अपयशाने दोष कोणाचा याचा शोध सुरू होतो. छोटी नुकसानी मात्र माणसाला शांतपणे कारणे शोधायला बसवते.

तिसरा अभ्यास मॉरिझिओ झोलो आणि हरबीर सिंग यांचा, 2004 चा, अमेरिकन बँकांच्या विलीनीकरणांवर. बँकेने किती बँका घेतल्या या आकड्याने निकालात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो लिहिण्याने. ज्या बँकांनी प्रत्येक व्यवहारानंतर काय केले, काय चुकले, संगणक प्रणाली कशी बदलली, माणसे कशी सामावून घेतली, हे कागदावर उतरवून पुढच्यासाठी पुस्तिका आणि तपासयाद्या केल्या, त्यांचे निकाल चांगले आले. अनुभव माणसाच्या डोक्यात राहिला तर तो त्या माणसाबरोबर निवृत्त होतो. कागदावर उतरला तर संस्थेचा होतो. लिहिण्याचा दुसरा फायदा त्याहून मोठा: लिहायला बसले की कारण आणि परिणाम यांचा संबंध मांडावा लागतो, आणि मांडताना आपल्याला तो नीट कळलेला नाही हे कळते.

तरीही लिखित पद्धत ही सर्वरोगहारक नाही. सिस्को या अमेरिकन कंपनीने 1993 पासून डझनावारी लहान कंपन्या घेतल्या आणि त्या सामावून घेण्याची तिची पद्धत जगभर नावाजली गेली. त्या कंपन्या बहुतेक नेटवर्क तंत्रज्ञानाच्या होत्या आणि त्यांची गिऱ्हाइकेही कंपन्याच होती. 2009 मध्ये तिने सुमारे 59 कोटी डॉलरना फ्लिप हा घरगुती व्हिडिओ कॅमेरा बनवणारी कंपनी घेतली. गिऱ्हाईक सामान्य माणूस, विक्री दुकानांतून, आणि समोर मोबाइलचा कॅमेरा उभा. दोन वर्षांत तो व्यवसाय बंद करावा लागला. पद्धत अनुभवी होती, जमीन वेगळी होती.

आता आपल्या घरच्या उदाहरणांकडे वळू. या विषयासाठी श्री रेणुका शुगर्सच्या कथेपेक्षा बोलका दाखला मराठी मुलखाच्या आसपास मला दिसत नाही.

बेळगावच्या विद्या मुरकुंबी आणि नरेंद्र मुरकुंबी या मायलेकांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस साखर धंद्यात पाऊल टाकले. नवा कारखाना उभारण्याऐवजी त्यांनी आंध्र प्रदेशातल्या हिंदुपूर येथील निजाम शुगर्सचा कारखाना विकत घेतला, यंत्रसामग्री उचलून बेळगाव जिल्ह्यातल्या मुनोळी येथे आणली आणि परिसरातल्या शेतकऱ्यांना भागधारक करून घेतले. पुढचे पाऊल भाडेतत्त्वाचे. अडचणीत आलेले सहकारी कारखाने चालवायला घ्यायचे: सीमेपलीकडे रायबाग, इकडे मिरज तालुक्यातला आरगचा मोहनराव शिंदे, इचलकरंजीचा पंचगंगा. प्रत्येक ठिकाणी साधारण एकच काम होते. बंद किंवा अर्धवट चालणाऱ्या कारखान्यात खेळते भांडवल आणायचे, उसाचे बिल वेळेवर द्यायचे, गाळप वाढवायचे, सहवीजनिर्मिती आणि मद्यार्क यांची जोड द्यायची. मालमत्तेत पैसा न अडकवता क्षमता वाढवण्याची ही रीत तेव्हा नवी होती आणि ती चालली. 2005 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. थोड्याच वर्षांत ती देशातल्या मोठ्या साखर कंपन्यांत गणली जाऊ लागली.

अशा यशाच्या चढावर असताना 2010 मध्ये रेणुकाने ब्राझीलमध्ये दोन व्यवहार केले. पाराना राज्यातली व्हाले दो इवाई ही कंपनी घेतली, आणि साओ पावलो राज्यातल्या एक्विपाव समूहाच्या साखर कंपनीत निम्म्याहून थोडी अधिक मालकी मिळवली. तर्क वरवर सरळ होता. जगातला सर्वांत मोठा साखर उत्पादक देश, अडचणीत आलेले कारखाने, आणि अडचणीतले कारखाने उभे करण्याचा आपला अनुभव. भारतातला आणि ब्राझीलचा हंगाम वर्षाच्या वेगवेगळ्या भागांत येतो, त्यामुळे बाराही महिने साखर हाती राहील, हाही हिशेब होता.

पण त्या अनुभवाच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत होती: ऊस शेतकरी पिकवतो. महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात लागवडीचा खर्च, पाण्याची चिंता आणि खोडवा मोडून नवी लागण करण्याचा निर्णय शेतकऱ्याचा असतो. कारखाना बिल वेळेवर देऊ लागला की ऊस परत येतो. ब्राझीलमध्ये कारखाना स्वतः भाड्याच्या हजारो हेक्टर जमिनीवर ऊस पिकवतो आणि यंत्राने तोडतो. पैशाची चणचण आली की तिथे सर्वांत आधी नवी लागवड थांबते. ऊस म्हातारा होतो, उतारा आणि टनेज घसरते, गाळप कमी पडते आणि चणचण आणखी वाढते. रेणुका तिथे पोहोचली तेव्हा शेते अशाच अवस्थेकडे चालली होती. वर हवामान फिरले. महागाई रोखण्यासाठी तिथल्या सरकारने पेट्रोलचे दर दाबून ठेवले, त्यामुळे इथेनॉलचा भावही वर जाऊ शकला नाही. कर्ज डॉलरमध्ये होते आणि ब्राझीलचे चलन रेआल घसरत गेले. 2015 मध्ये रेणुका दो ब्राझील या तिथल्या उपकंपनीला न्यायालयाकडे संरक्षण मागावे लागले. भारतातली मूळ कंपनीही या ओझ्याखाली वाकली. 2014 मध्ये भागीदार म्हणून आलेल्या सिंगापूरच्या विल्मार कंपनीकडे 2018 मध्ये तिची सूत्रे गेली.

यात मुरकुंबींची धडाडी कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. सीमाभागातल्या एका कुटुंबाने जगातल्या सर्वांत मोठ्या साखर उत्पादक देशात जाण्याची हिंमत केली, याबद्दल मला आदरच आहे. आणि पाऊस, तेलाचा भाव, चलनाचा दर यांतले काहीच त्यांच्या हाती नव्हते. पण हातात असलेली एक गोष्ट होती: आधीच्या दहा-बारा वर्षांच्या यशाचे खरे कारण कोणते, हा प्रश्न. ते कारण आजारी कारखाने सुधारण्याचे सर्वसाधारण कौशल्य होते, की शेतकऱ्याच्या उसावर उभ्या असलेल्या कारखान्यात खेळते भांडवल आणण्याचे विशिष्ट कौशल्य? दोन्ही उत्तरे मुनोळीत आणि आरगमध्ये सारखीच दिसतात. त्यांच्यातला फरक दिसायला पारानाला जावे लागते, आणि तिथे तो फार महाग पडतो. हीच कंपनी पुढे 2023 मध्ये पुन्हा खरेदीला निघाली तेव्हा तिने उत्तर प्रदेशातला अनामिका शुगर मिल्स घेतला. तिथेही ऊस शेतकऱ्याचाच आहे.

पुण्याच्या भारत फोर्जची वाट निराळी. बाबा कल्याणी यांच्या नेतृत्वाखाली या कंपनीने 2004 मध्ये जर्मनीची, दिवाळखोरीत गेलेली कार्ल दान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी घेतली. 2005 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली फेडरल फोर्ज आणि स्वीडनची इमात्रा किल्स्टा आली. त्याच वर्षअखेरीस चीनमध्ये फॉव या वाहन कंपनीबरोबर भागीदारी ठरली. हे सर्व उद्योग तेच करत होते जे मुंढव्याच्या कारखान्यात चालते: तापलेल्या पोलादाला साच्यात ठोकून क्रँकशाफ्ट, अॅक्सल बीम असे भाग घडवणे. घेणाऱ्या अभियंत्यांना समोरच्या प्रेसचा आवाज ओळखीचा होता, आणि गिऱ्हाईकही वाहन उद्योगातलेच होते. एवढे साम्य असूनही सगळे सारखे उतरले नाही. 2008 च्या मंदीनंतर अमेरिकेतला कारखाना बंद झाला आणि चीनच्या भागीदारीतून पुढे कंपनी बाहेर पडली. युरोपातला पोलादी फोर्जिंगचा धंदा नंतरही पुन्हा पुन्हा तपासावा लागला.

यातून दिसते की यंत्राचे साम्य म्हणजे धंद्याचे साम्य नव्हे. मजुरीचा खर्च, कामगार कायदे, गिऱ्हाइकाशी असलेला करार आणि भागीदाराचा हेतू ही साम्याची वेगळी अंगे आहेत आणि ती वेगळीच तपासावी लागतात. भारत फोर्जच्या बाबतीत मला मोलाची वाटते ती पुढची चाल. बंद झालेल्या कारखान्यानंतर तिने अमेरिकेकडे कायमची पाठ फिरवली नाही. 2016 मध्ये टेनेसीतला एक तुलनेने लहान फोर्जिंग कारखाना घेऊन ती तिथे परतली. नुकसान झाले, कारणे पाहिली, आकार लहान ठेवला आणि पुन्हा प्रयत्न केला. हेवर्ड यांच्या अभ्यासातली तिसरी गोष्ट इथे प्रत्यक्षात दिसते.

तिसरे उदाहरण सहकारातले, म्हणून आपल्याला सर्वांत जवळचे. 1918 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सारस्वत बँकेने 2005 नंतरच्या काही वर्षांत सात अडचणीतल्या सहकारी बँका आपल्यात सामावून घेतल्या. मराठा मंदिर, मांडवी, नाशिक पीपल्स, साउथ इंडियन, कोल्हापूर मराठा ही त्यांतली काही नावे. रिझर्व्ह बँकेने 2005 च्या सुरुवातीला नागरी बँकांच्या विलीनीकरणासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि वाट मोकळी झाली. सहकारी बँक घेणे हे साखर कारखाना घेण्यासारखे नाही. इथे लिलाव नसतो. ठेवीदार घाबरलेले असतात, बुडीत कर्जे नेमकी किती हे कागदावरून पूर्ण कळत नाही, आणि प्रत्येक शाखेतला कर्मचारी गावात ओळखीचा असतो. थोड्या काळात एकाच प्रकारच्या सात संस्था हाताळल्यामुळे कर्जखाती तपासण्याची, प्रणाली जोडण्याची आणि कर्मचाऱ्यांना सामावण्याची घडी बसायला जागा मिळाली.

त्यानंतर दीर्घ काळ गेला. फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि तिच्यातला सुमारे 122 कोटी रुपयांचा अपहार उघड झाला. सारस्वत बँक पुढे आली आणि 4 ऑगस्ट 2025 पासून विलीनीकरण अमलात आले. निर्बंधांपासून विलीनीकरणापर्यंत सहा महिनेही लागले नाहीत. ज्या राज्याने निर्बंध लागलेल्या पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सप्टेंबर 2019 पासून जानेवारी 2022 पर्यंत ताटकळताना पाहिले, त्या राज्यात या वेगाचे मोल कळते. पण या दाखल्यात एक प्रश्नही दडलेला आहे. दोन खरेद्यांमध्ये दीड दशकाहून अधिक अंतर पडले की पहिल्या वेळी काम केलेले अधिकारी निवृत्त झालेले असतात. मग संस्थेजवळ उरते ते काय? जे लिहून ठेवले ते. म्हणून कोणत्याही सहकारी बँकेने विलीनीकरण पार पडल्यावर सत्कार समारंभाइतकीच काळजी त्याची सविस्तर नोंद करण्याची घ्यावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

आता पुन्हा शहाद्याकडे. इथे कारखाना घेऊ किंवा चालवू पाहणाऱ्याकडे कोल्हापूर-सांगलीचा किंवा मराठवाड्याचा अनुभव असू शकतो. त्यातले किती इथे चालेल? बॉयलर, टर्बाइन, बँकेचा व्यवहार, साखर विक्री हे पुष्कळसे चालेल. पण इथला ऊस एकटा नाही. शहादा तालुक्यातल्या बागायतदाराला केळी आहे, पपई आहे, कापूस आहे. बिल लांबले की तो मोर्चाही काढेल, पण त्याआधी पुढच्या वर्षीची लागण बदलून टाकेल. गुजरातची हद्द जवळ असल्याने तिथल्या कारखान्यांच्या दराशी तो रोज तुलना करतो. तोडणीचेही तसेच. पश्चिम महाराष्ट्र बीड-अहिल्यानगरकडच्या टोळ्यांवर चालतो. इथली सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी कुटुंबे मात्र वर्षानुवर्षे कोयता घेऊन बारडोली-सुरतेच्या शिवारात जातात. मुकादम, उचल, टोळीची जमवाजमव यांचे गणित इथे दुसरे आहे. ज्याने हे गणित आधी विचारले नाही, त्याचा इतर ठिकाणचा अनुभव पहिल्याच गाळपात अडखळतो.

देण्यांचेही असेच आहे. बँक कारखाना विकते तेव्हा तो आहे त्या स्थितीत विकते. शेतकऱ्यांची थकीत बिले, कामगारांचे पगार, उपदान, भविष्य निर्वाह निधी हे कोणाच्या माथी, याचा वाद नंतर अनेक वर्षे चालतो. राज्य सहकारी बँकेच्या एका प्रकरणात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की साखर कारखान्याकडची भविष्य निर्वाह निधीची थकबाकी बँकेच्या कर्जाच्याही आधी येते. एका ठिकाणी असा दावा सोसलेला खरेदीदार पुढच्या ठिकाणी बोली लावण्याआधी कामगार संघटनेशी बोलतो. असे बोलणे हे शिकण्याचे खरे लक्षण. पुढच्यास ठेच मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. पण इथे पुढे चालणारा आणि मागे येणारा एकच असतो, आणि मधे पाच-सात वर्षे गेलेली असतात. ठेच कुठे लागली याची खूण त्याने स्वतःच करून ठेवायची असते.

अशी खूण करायची म्हणजे काय? माझ्या मते चार गोष्टी पुरेशा आहेत. व्यवहार होण्याआधी आपण काय गृहीत धरले ते लिहावे: किती ऊस मिळेल, दुरुस्तीला किती लागेल, कोणती देणी अंगावर येतील, कोणती माणसे टिकतील. दोन हंगामांनंतर ते कागद काढून प्रत्यक्षाशी ताडून पाहावे. नंतर आठवून लिहिलेल्या गोष्टी निकालाच्या रंगात रंगतात, आधी लिहिलेल्या रंगत नाहीत. विकल्या गेलेल्या संस्थेतल्या जुन्या माणसांना विचारावे, कारण ती संस्था का बुडाली हे शेतकी विभागातल्या स्लिपबॉयला आणि वजनकाट्यावरच्या कारकुनाला बऱ्याचदा संचालकांपेक्षा आधी कळलेले असते. आणि जे व्यवहार आपण नाकारले त्यांचीही नोंद ठेवावी. ते पुढे कोणी घेतले, त्यांचे काय झाले, हे पाहणारा खरेदीदार दुसऱ्याच्या पैशाने शिकतो.

यातला तिसरा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. सहकारी कारखाना खाजगी हाती जातो तेव्हा त्या परिसराने दोन-तीन पिढ्यांत कमावलेले ज्ञान खरेदीखतात येत नाही. कुठल्या गावाचा ऊस आधी आणावा, कोणत्या नाल्यावरून पावसाळ्यानंतर ट्रॅक्टर जात नाही, कुठल्या शिवाराचा उतारा डिसेंबरात चढतो, हे सर्व माणसांत असते. नव्या मालकाने ती माणसे पहिल्याच वर्षी घालवली तर त्याने यंत्रे घेतली, कारखाना घेतला नाही.

हे पुस्तक कोणासाठी आहे? जिनिंग, सूतगिरणी, डेअरी, पतसंस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी चालवणाऱ्यांसाठी आहे. उद्या त्यांच्यासमोर शेजारची संस्था घेण्याचा प्रश्न येईल. लेखापालांसाठी, बँकेच्या अधिकाऱ्यांसाठी आणि शहाद्याच्या महाविद्यालयांत वाणिज्य शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. ज्यांची संस्था विकली जाते त्या सभासदांसाठीही आहे, कारण घेणाऱ्याला नेमके प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांना आहे. पुढची प्रकरणे वाचताना यशाच्या कथेपाशी थोडे जास्त थांबावे आणि दर वेळी विचारावे: हे यश कशामुळे आले, आणि ते कारण इथे हजर आहे का? अपयशाच्या कथेपाशी दोषी माणूस शोधण्याआधी, घेताना काय गृहीत धरले होते ते शोधावे.

समशेरपूर, फैजपूर, चाळीसगाव येथल्या हस्तांतरांचा सलग, प्रामाणिक वृत्तांत मराठीत लिहिला गेला पाहिजे. कागद बँकांत आहेत, आठवणी माणसांत आहेत, आणि ती माणसे वयस्क होत चालली आहेत. खानदेशातल्या अभ्यासकांनी, निवृत्त कार्यकारी संचालकांनी, कामगार पुढाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी हे काम हाती घ्यावे. पुढचा कारखाना जेव्हा हात बदलेल तेव्हा घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या, दोघांच्याही टेबलावर आपल्याच जिल्ह्याचा लिखित अनुभव असावा. त्या कामाला या पुस्तकाने एकाला जरी प्रवृत्त केले, तरी ते छापण्याचे श्रम सार्थकी लागले असे मी मानेन.

शहादा